पाकळीचा ल, दांडीचा ल

गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही घरी तयार केलेली चव्वेचाळीस पानांची गोष्टींची पुस्तिका काही घरांना दिली होती. त्यानंतर गोष्टींबद्दल फारसं कुणी बोललं नाही (आईला हे कळवलेलं नाही!), पण "फॉन्ट कुठला वापरलात हो?" असं विचारणारे चार-पाच फोन मात्र आले. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं, म्हणून हा प्रपंच. फॉन्टचं नाव एका ओळीत सांगून होईल. तो का घेतला हे सांगायला मात्र पानं लागतील, आणि खरी गंमत त्या 'का'मध्येच आहे.

तर आधी वहीबद्दल. माझी आई साताऱ्याला प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवत होती. तिचं अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. गोल, मोकळं, शिरोरेषा पट्टी ठेवून ओढल्यासारखी. दोन वर्षांपूर्वी तिने नातीसाठी एका दोनशेपानी वहीत शाईपेनाने बावीस गोष्टी लिहिल्या आणि इथे येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवून दिल्या. नात इथल्या शाळेत तिसरीत. मराठी बोलते छान, मधूनच एखादं जपानी क्रियापद घुसतं तेवढंच. वाचन मात्र अजून बोट ठेवून. छापलेलं कसंबसं जमतं, हाताने लिहिलेलं पाहिलं की पान बंद. माझी इच्छा एवढीच होती, की आजीची ती वही तिने स्वतः उघडून वाचावी, आणि आजी फोनवर आहे तोवर वाचावी. म्हणून मधली पायरी म्हणून त्यातल्या अकरा गोष्टी मोठ्या टाइपात छापायच्या, कठीण शब्दांचे जपानी अर्थ खाली द्यायचे, आणि तिथून हळूहळू मूळ वहीकडे न्यायचं असं ठरवलं.

कॉम्प्युटर उघडला, मराठी टाइप केलं, पान काढून लेकीच्या हातात दिलं. 'लबाड लांडगा' या शीर्षकापाशीच गाडी अडली. "आई, हे कुठलं अक्षर? आजीने हे शिकवलं नाहीये."

मी पाहिलं तर ल होता. पण दांडीचा ल! आपला मराठी ल कसा असतो आठवा. मधल्या देठाला दोन बाजूंनी दोन पाकळ्या. मुळाक्षरांच्या तक्त्यातला, लसणाचा ल. हिंदीतला ल निराळा. उजवीकडे उभी दांडी आणि डावीकडे तिला जोडलेलं वळण. श चंही तसंच, आपला देठाचा, तिकडचा वेगळ्या वळणाचा. तुमच्या-माझ्यासारख्यांची नजर दोन्हींवरून सारखीच घसरत जाते, कारण आपण लहानपणापासून दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, रेल्वेची स्टेशनं यांवर दोन्ही पाहिलेले असतात. टोकियोत वाढणाऱ्या मुलाला कुठल्या मराठी पाट्या दिसणार? तिला आयुष्यात भेटलेले सगळे ल एक तर तक्त्यावरचे, नाही तर आजीच्या हातचे. तिच्या दृष्टीने हे नवीनच अक्षर होतं, आणि तिचं बरोबर होतं.

आता हा दांडीचा ल आपल्या कॉम्प्युटरात आला कुठून? देवनागरी ही मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी अशा अनेकांची सामाईक लिपी. युनिकोडमध्ये १९९१ साली तिला जागा मिळाली तेव्हा ल ला एकच क्रमांक मिळाला, तो मराठी असो की हिंदी. त्या क्रमांकाला रूप कुठलं द्यायचं हे फॉन्ट करणारा ठरवतो. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला आणि पुढे कित्येक वर्षं कॉम्प्युटरवरची देवनागरी म्हणजे मंगल असंच समीकरण होतं. तो काढला होता र. कृ. जोशी यांनी, म्हणजे आपल्याच मराठी कवीने आणि सुलेखनकाराने! पण फॉन्ट साऱ्या देशासाठी होता, त्यामुळे ल बहुसंख्यांचा. नंतर विंडोजमध्ये आलेल्या 'निर्मला'चंही तेच.

यात एक मजा आहे. आज हिंदीत सर्रास दिसणारे अ, झ आणि ण हे मूळचे मुंबई वळणाचे. उत्तरेकडची त्यांची जुनी रूपं वेगळी होती आणि जुन्या पोथ्यांत ती अजून दिसतात. पुढे प्रमाण देवनागरी ठरली तेव्हा ही तीन अक्षरं आपल्याकडची घेतली गेली. अ, झ, ण असे निर्यात झाले, ल आणि श मात्र घरीच राहिले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली, तीत पाकळीचा ल आणि देठाचा श आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात शासनाला तेच पुन्हा सांगावं लागलं. सरकारी कागदावर हुकूम निघतो, कीबोर्डाला तो ऐकू जात नाही.

इथे शाळेत मुलं असणाऱ्यांना एव्हाना काहीतरी आठवलं असेल. हिरागानातली 'सा' आणि 'कि' ही अक्षरं घ्या. पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत जो मिनचो टाइप असतो, त्यात या अक्षरांचं खालचं वळण वरच्या रेघेला जोडलेलं असतं. हाताने लिहिताना तिथे पेन उचलायचं असतं, 'सा'च्या तीन रेघा, 'कि'च्या चार. जोडून लिहिलं की बाई लाल शाईने दुरुस्त करतात. मग मुलांनी काय पाहून शिकायचं? यासाठी जपान्यांनी क्योकाशो-ताई म्हणजे पाठ्यपुस्तकांचा म्हणून एक वेगळा टाइपच ठेवला आहे. त्यात छापलेलं अक्षर हाताने लिहिलेल्या अक्षरासारखं दिसतं. मोठी झाली की मुलं मिनचोही वाचतात, गोथिकही वाचतात, पण सुरुवातीला डोळ्यांना आणि हाताला एकच रूप दिसावं एवढी काळजी घेतलेली असते. १ एप्रिल २०१९ ला नव्या 'रेइवा' पर्वाचं नाव जाहीर झालं, तेव्हा त्यातलं 'रेइ' नेमकं कसं लिहायचं यावर मोठ्या माणसांनी चर्चा केली होती, आठवतं ना? छापील रूप एक, हाताचं रूप दुसरं. दोन्ही चालतात हे इथल्या सांस्कृतिक खात्याने २०१६ सालीच सांगून ठेवलं होतं.

लेकीला मी एवढंच म्हटलं, की हा पण ल च आहे, पण वेगळ्या टाइपातला. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आजीचा ल क्योकाशोचा, आणि कॉम्प्युटरचा मिनचोचा." मला जे अर्ध्या तासात समजावता आलं नसतं ते तिने एका वाक्यात उरकलं. आणि मलाही कळलं, की आपण शोधतोय तो 'सुंदर' फॉन्ट नव्हे, मराठी क्योकाशो-ताई हवा आहे.

शोधायला लागले आणि त्या वाटेवर इतकं काही भेटलं की पुस्तिका बाजूलाच राहते की काय अशी वेळ आली. एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्याच छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेला एक गरीब मुलगा म्हणजे जावजी दादाजी. पुढे जावजींनी राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरं कोरणारा कसबी माणूस हाताशी धरला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्या निर्णयसागरी टाइपाचं वळण अजून लोक वाखाणतात. आणि बरोबर त्याच १८६९ साली शांघायच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातला विल्यम गॅम्बल नागासाकीला आला आणि मोतोगी शोझो या दुभाष्याला आणि त्याच्या माणसांना टाइप पाडायची विद्या देऊन गेला. जपानी छपाईचा टाइप तिथून सुरू होतो. मिशनचे पंथ वेगळे, पण वर्ष एक! ज्या वर्षी काळबादेवीकडे आपला ल शिशात ओतला जात होता, त्याच वर्षी नागासाकीत यांचा 'सा'.

असो. परत पुस्तिकेकडे.

अकरापैकी पाच गोष्टी साताऱ्याला एका डीटीपीवाल्याकडून भावाने हौसेने आधीच टाइप करून घेतल्या होत्या. फाइल आली. उघडली तर काय, सगळं पान अर्ध्या रुंदीच्या काताकानाने भरलेलं, मधेच एखादी कांजी! जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये (श्रीलिपी, शिवाजी, आकृती ही नावं जुन्या मंडळींना आठवत असतील) मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर दुसरीकडे निव्वळ इंग्रजी गिचमीड दिसायची. जपानी कॉम्प्युटरवर त्याच जागांवर काताकाना बसलेला, म्हणून आमची 'चिमणी आणि कावळा' काताकानात अवतरली. याला इथे मोजिबाके म्हणतात, अक्षरांचं भूत होणं. असलं भूत उतरवणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार त्यांच्या हातून निसटतात. शेवटी मीच पाचही गोष्टी पुन्हा टाइप केल्या. तुमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या मराठी फाइली पडून असतील, तर त्या उघडतात तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवा, एवढं आवर्जून सांगते.

मग फॉन्टची परीक्षा. ल आणि श तर झालेच. दुसरा प्रश्न डोळ्यातल्या पापणीसारख्या त्या ऱ चा. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना पगार! दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या महाबळेश्वरला. हा फरक हिंदीला लागत नाही, त्यामुळे कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये तो नीट केलेलाच नसतो. मी एक वाक्य करून ठेवलं, "शेजारच्या म्हाताऱ्या आजीने कोपऱ्यातल्या कैऱ्या सुऱ्यांनी चिरल्या, पुऱ्या तळल्या आणि ज्ञानूला श्रीखंड दिलं." हे जेवण ज्या फॉन्टला पचेल तो पुढे, बाकीचे बाद.

तिसरा प्रश्न जोडाक्षरांचा, आणि इथे आमच्या घरात मतभेद झाले. अलीकडच्या बालभारतीच्या पुस्तकांत 'विद्‌यार्थी' असा द चा पाय मोडलेला दिसतो. नव्याने शिकणाऱ्याला ते सोपं, असं आमच्या ह्यांचं मत. मुद्दा चुकीचा नाही. पण आई 'विद्यार्थी' जोडूनच लिहिते, शुद्ध, बुद्धी, उद्या सगळं जोडून. आम्हाला पोचायचं होतं तिच्या वहीपर्यंत. तेव्हा जोडलेलं ठेवलं आणि शेवटच्या पानावर अशा जोडाक्षरांची फोड करून दिली.

आता उमेदवार. हे सगळे फुकट मिळतात आणि छापायला, वाटायला परवानगी असते, हे मुद्दाम सांगते, कारण इथले चांगले जपानी फॉन्ट चांगलेच महाग असतात. 'नोतो' सगळ्यात सोयीचा. त्याचं नाव 'नो तोफू' वरून आलं आहे हे कळल्यावर लेक लोळून हसली. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की जे रिकामे चौकोन दिसतात ते म्हणजे तोफू! नोतोत जपानी आणि देवनागरी दोन्ही आहेत, आणि लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा 'मराठी' लावली तर नोतोचा ल आपोआप पाकळीचा होतो. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मुक्त' स्वच्छ आहे, सूचनापत्रकाला मी तोच वापरीन. पण त्याच्या सगळ्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या. आईच्या अक्षरात बोरूचा वारसा आहे, कुठे जाड, कुठे बारीक. राज्य मराठी विकास संस्थेने करून घेतलेला 'यशोमुद्रा' बराच काळ पहिल्या क्रमांकावर होता.

शेवटी घेतला तो 'टायरो देवनागरी मराठी'. कॅनडातल्या टायरो टाइपवर्क्सचा. हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी त्यांनी देवनागरी केली होती, तिच्या घराण्यातला हा. हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा तीन वेगळ्या आवृत्त्या त्यांनी दिल्या आहेत, म्हणजे कुणाला तरी आपल्या ल ची किंमत होती! भाषेची खूण वगैरे लावायला नको, टाइप केला की पाकळीचाच उमटतो. वळण पाहून मला जुन्या निर्णयसागरी पोथ्या आठवल्या, आणि आईचं अक्षर तर शेजारीच ठेवून पाहिलं. सख्खं नसेल, चुलत नक्कीच. एक उणीव आहे, त्यात ठळक अक्षर नाही. मथळ्यांसाठी म्हणून एक टाइपचाच गुबगुबीत 'बलू' घेतला. लांडग्याला तो शोभतोही.

खालच्या जपानी अर्थांसाठी 'युडी डिजिटल क्योकाशो-ताई' घेतला. अंधूक दिसणाऱ्या आणि वाचताना अक्षरं अडखळणाऱ्या मुलांसाठी युमी ताकाता या डिझायनरने बरीच वर्षं खपून तो केला आणि २०१६ मध्ये तो बाहेर आला. २०१७ पासून तो जपानी विंडोजमध्येच मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

आकाराबद्दल एक अनुभव. मराठी आणि जपानी एकाच पॉइंटात ठेवलं की मराठी बारीक दिसतं. जपानी अक्षर आपला चौकोन पूर्ण भरून बसतं, आपल्या अक्षराला मात्र वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते. पहिल्यांदा आईला नमुन्याचं पान पाठवलं होतं, मराठी चौदात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती स्पष्टच बोलते. "अगं, हे मुंग्यांना वाचायला दिलंयस का?" मग मराठी वीस आणि जपानी बारा असं जमलं. दोन ओळींत भरपूर अंतर ठेवा, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो.

छपाईचं थोडक्यात. जपानात दोउजिनशी म्हणजे हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या पुस्तिकांची मोठी परंपरा आहे. त्यांचा कोमिकेतो नावाचा बाजार १९७५ पासून भरतो. त्यामुळे पन्नास प्रती छापा म्हटलं तरी इथे कुणी हसत नाही. एका छोट्या छपाईवाल्याकडे गेलो. त्याच्याकडच्या पानं लावायच्या प्रोग्रॅममधून पहिलं प्रूफ आलं ते 'चिमणी'ची वेलांटी च च्या मागे पडलेली, जोडाक्षरं सुटी सुटी. त्या बिचाऱ्याला मराठी येत नाही, त्याला दोष कसा दिसणार? जपानी मजकूर लावायची जी पद्धत त्या प्रोग्रॅममध्ये असते तिला आपली वेलांटी अक्षराच्या आधी आणून बसवायची असते हे माहीतच नसतं. त्यासाठी 'वर्ल्ड-रेडी' म्हणून वेगळी पद्धत निवडावी लागते. दुसरा सोपा मार्ग म्हणजे घरीच पानं लावून, फॉन्ट आत घालून पीडीएफ करायची आणि तीच द्यायची. आम्ही तेच केलं. कोंबिनीतल्या मशीनवर छापणार असाल तरी पीडीएफच न्या. वर्डची फाइल नेलीत तर तोफू खायची तयारी ठेवा. आणि मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चाराच्या पटीत हवीत, म्हणून आमची चव्वेचाळीस.

पुस्तिका येऊन आता काही महिने झाले. लेकीने अकराही गोष्टी वाचल्या, काही तीन-चारदा. गेल्या महिन्यात एका रविवारी ती आजीची वही घेऊन बसलेली दिसली. बारावी गोष्ट, म्हणजे पुस्तिकेत नसलेली, काढली होती. एका पानाला वीस मिनिटं लागली. 'क्ष' पाशी थांबली, शाईचा डाग पडलाय तिथे थांबली. ल पाशी थांबली नाही.

आईने साताऱ्याहून दुसरी वही पाठवली आहे. यात म्हणी आणि उखाणे. नात फोनवर 'बाळ'ला 'बाल' म्हणाली, जपानीत ळ नाहीच, तेव्हापासून आजीने ळ असलेले सगळे शब्द लाल पेनाने अधोरेखित करून ठेवलेत. आता ळ कुठल्या फॉन्टमध्ये ठसठशीत उमटतो ते बघायला घेतलं आहे. कुणाला माहीत असेल तर जरूर फोन करा, आणि जमलं तर त्याच फोनवर गोष्टींबद्दलही दोन शब्द बोला!